मँडरली आणि मुंडकाराचे घर

डॅफ्ने द्यू मॉरिएच्या 'रिबेका' या कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे. नवी नवरी सासरच्या मँडरली नावाच्या भव्य घरातली चिनीमातीची एक किमती मूर्ती चुकून फोडते, घाईघाईने तुकडे गोळा करते आणि मेजाच्या खणात अगदी मागे सारून लपवून ठेवते. पुढे मूर्ती नाहीशी झाल्याचा बोभाटा होतो, एका नोकरावर आळ येतो, आणि तेव्हा कुठे ती नवऱ्यापुढे कबुली देते. घर नवऱ्याचे म्हणजे तिचेच, मूर्तीही तिचीच. तरी ती वागते मात्र काल कामाला लागलेल्या पोरीसारखी. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसून राहिले होते, कारण खणात तुकडे लपवणारी ती बाई मला माझ्या आईसारखी दिसली.

आमचे घर फोंडा तालुक्यातले. भिंती आजोबांनी स्वतः उभ्या केलेल्या, जमीन दर वर्षी आजी आणि आई शेणाने सारवीत आलेल्या, पण ज्या भाटात, म्हणजे बागायतीच्या जमिनीत, ते घर उभे होते ते भाट भाटकाराचे होते. आम्ही मुंडकार. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून पिढ्यान् पिढ्या राहणारा तो मुंडकार, आणि जमिनीचा धनी तो भाटकार. 1975 साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला, घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही मिळाला; पण कायदा कागदावर उतरतो तितक्या लवकर तो माणसाच्या अंगात उतरत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर हातोडी उचलण्याआधी आई दारातून बाहेर डोकावून बघत असे. कोण येणार होते, हे तिलाही सांगता आले नसते.

डॅफ्ने द्यू मॉरिए या लेखिकेच्या कादंबऱ्यांविषयी लिहायचे असे मी फार दिवस मनाशी घोकत होते, आणि दर वेळी सुरुवात या घरापाशी येऊन अडत होती. आता ती तिथूनच करते. तिला सगळे जण भयकथेची, रहस्यकथेची, नाहीतर प्रेमकथेची लेखिका म्हणतात. प्रेमकथेची म्हटलेले तिला स्वतःला मुळीच आवडत नसे. माझ्या मते तिने जन्मभर एकच भीती लिहिली : आपण जिथे राहतो ते घर आपले नाही, ही.

तिची ओळख झाली ती पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत. हे ग्रंथालय 1832 साली स्थापन झालेले. आता ते पाटो येथील प्रशस्त इमारतीत आहे, पण माझ्या कॉलेजच्या दिवसांत ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या जुन्या वास्तूत होते, जिच्या प्रवेशद्वारी निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांवर समुद्रसफरीची चित्रे आहेत. घरी आम्ही बोलायचो कोंकणी, वाचायचो मराठी, आणि इंग्रजी ही परीक्षेपुरती. त्यामुळे 'रिबेका' वाचायला मला जवळजवळ महिना लागला, आणि अर्धा महिना शब्दकोशात गेला. त्याचा फायदा असा झाला की कथा मला मुंगीच्या पावलांनी कळत गेली. भराभर वाचणाऱ्याच्या हातून जे निसटते ते माझ्या हातून निसटले नाही.

या लेखिकेचा जन्म 1907 साली लंडनमध्ये झाला. वडील जेराल्ड हे नामवंत नट, आजोबा जॉर्ज हे चित्रकार आणि कादंबरीकार. घर पैशाअडक्याने आणि पाहुण्यांनी भरलेले. तिचा जीव मात्र इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर अडकला. तिथे फॉय गावाजवळ मेनाबिली नावाचा एक वाडा होता, रॅशली घराण्याचा. मालक तिथे राहत नव्हते आणि वाडा वेलींनी झाकून गेला होता. ऐन विशीत ती रानातून वाट काढीत, परवानगीवाचून आत शिरली, आणि त्या वाड्याच्या प्रेमात पडली ती कायमची. 1938 साली आलेल्या 'रिबेका'मधले मँडरली हे मुख्यतः याच वाड्यावरून उभे राहिले. गंमत अशी की पुस्तकाची सुरुवात तिने कॉर्नवॉलमध्ये केलीच नाही. नवरा लष्करी अधिकारी, त्याची नेमणूक इजिप्तमध्ये, आणि ही अलेक्झांड्रियाच्या उकाड्यात बसून कॉर्नवॉलचे धुके आठवते आहे. पहिला मसुदा तिने टाकून दिला आणि नव्याने लिहायला घेतले. मँडरलीचे वर्णन वाचताना जी एक तहान जाणवते ती मला वाटते या उकाड्यातून आलेली आहे; घराजवळ राहून घराचे असे वर्णन करता येत नाही.

कथानक थोडक्यात असे. निवेदिका ही एका श्रीमंत, बडबड्या बाईची पगारी सोबतीण. मॉन्टे कार्लोच्या हॉटेलात तिची मॅक्सिम द विंटर या विधुराशी गाठ पडते, थोड्याच दिवसांत लग्न ठरते, आणि ती मँडरलीची मालकीण होऊन येते. त्याची पहिली बायको रिबेका समुद्रात बुडून मेलेली. पण घरातील रुमालांवर, पुस्तकांवर, लिहिण्याच्या मेजावर सगळीकडे तिचे नाव नाहीतर 'आर' हे अक्षर आहे. घराचा कारभार मिसेस डॅन्व्हर्स या काळ्या कपड्यांतल्या बाईच्या हाती आहे, आणि तिची निष्ठा मेलेल्या मालकिणीशी. भूत कुठेही नाही. पावले वाजत नाहीत, दिवे विझत नाहीत. पहिल्या सकाळी टेलिफोन वाजतो, पलीकडचा आवाज मिसेस द विंटर आहेत का असे विचारतो, आणि निवेदिका उत्तर देते की मिसेस द विंटर वारल्या, त्यांना वर्ष होऊन गेले. सांगून झाल्यावर तिच्या ध्यानात येते की मिसेस द विंटर म्हणजे आता आपणच. भयकथेत मी वाचलेले हे सर्वांत भयंकर वाक्य आहे, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

आमच्याकडच्या भुतांशी याची तुलना करून पाहावी. गोव्यात गावाच्या वेशीवर देवचार असतो. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, रात्री गावाची राखण करीत फिरणारा. त्याला रोट द्यावा, विडी द्यावी, थोडी दारू ठेवावी. तो रागावतो, पण त्याच्या रागाला कारण असते आणि त्यावर उतारा असतो. वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो, अशाही कथा मी लहानपणी ऐकल्या. देवचाराशी व्यवहार होऊ शकतो. रिबेकाशी होऊ शकत नाही, कारण ती काही मागतच नाही. जेवणाच्या यादीत सॉस कोणता हवा ती जागा मिसेस डॅन्व्हर्स कोरी ठेवून पाठवते, कारण पहिल्या बाईसाहेब सॉसच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या. एवढेच. त्या कोऱ्या जागेला कुठला रोट ठेवणार?

निवेदिकेला पुस्तकभर नाव नाही, हे सर्वश्रुत आहे. लेखिकेने याचे कारण असे दिले की तिला नाव सुचले नाही, आणि मग नावाशिवाय निभावणे हेच तिला लेखनतंत्रातले आव्हान वाटू लागले. समीक्षकांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. मुंडकाराच्या घरात वाढलेल्या मला त्यात गूढ असे काही वाटले नाही. जमिनीच्या कागदावर नाव नसलेली माणसे मी रोज पाहत होते.

ज्यांनी 'रिबेका' वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. रिबेकाचा खून मॅक्सिमने केला, हे कळल्यावर बहुतेक वाचक मत्सर हे त्याचे कारण धरतात. मी पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझे मत बदलले. बायकोचे वागणे त्याने वर्षानुवर्षे चालवून घेतले होते, मँडरलीची अब्रू बाहेर जाऊ नये म्हणून त्याने तिच्याशी एक प्रकारचा करारच केला होता. त्याचा तोल गेला तो तिने दुसऱ्याच्या मुलाची गोष्ट काढली तेव्हा : ते मूल द विंटर या नावाने वाढेल, मँडरलीचे वारस होईल, आणि तुला काही सिद्ध करता येणार नाही. म्हणजे ज्याच्या नावावर सगळे आहे, तोही घर हातचे जाण्याच्या भीतीनेच बंदूक उचलतो. हिचकॉकच्या 1940 सालच्या चित्रपटाने, तेव्हाच्या अमेरिकन चित्रपटसृष्टीच्या नीतिनियमांपायी, हा खून अपघात करून टाकला आणि कथेचा कणाच काढून घेतला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले हे खरे. माझी तक्रार तरीही आहे.

आपल्याकडे याच कथेवरून 1964 साली 'कोहरा' निघाला. बीरेन नाग यांचे दिग्दर्शन, वहिदा रहमान नायिका, आणि मिसेस डॅन्व्हर्सच्या जागी ललिता पवार. त्या भूमिकेपुरते सांगायचे तर ललिता पवारांनी जराही उणे ठेवलेले नाही. हिंदीत आल्यावर मात्र ती भुताची गोष्ट झाली, आणि भूत आले की भीती निम्मी होते.

'रिबेका'च्या यशानंतर, 1943 मध्ये, द्यू मॉरिएने मेनाबिली खरोखरच मिळवली. विकत नव्हे, भाडेपट्ट्याने. गळके छप्पर, वाळवी लागावी तसे सडलेले लाकूड, अशा अवस्थेतला तो वाडा तिने स्वतःच्या पुस्तकांच्या पैशांतून राहण्याजोगा केला, तिथे मुले वाढवली, तिथेच बहुतेक महत्त्वाची पुस्तके लिहिली, आणि पाव शतकानंतर, 1969 मध्ये, तो मूळ घराण्याला परत करून ती बाहेर पडली. आयुष्यभर जी भीती कागदावर उतरवली ती शेवटी सामानासकट भोगावी लागली. हे वाचल्या दिवसापासून मला तिच्याविषयी लेखिकेपेक्षा नातलगासारखे वाटू लागले.

'माय कझिन रेचल' (1951) ही माझ्या लेखी तिची सर्वांत बांधेसूद कादंबरी, 'रिबेका'हूनही सरस. तरुण फिलिपला चुलतभाऊ अँब्रोजने बापाच्या मायेने वाढवलेले असते. अँब्रोज प्रकृतीसाठी इटलीत जातो, तिथे रेचलशी लग्न करतो, आणि आजारात मरतो. मरण्यापूर्वी त्याची जी पत्रे येतात त्यांत बायकोविषयी भयंकर संशय असतो. मग रेचल कॉर्नवॉलला येते, आणि तिचा सूड घ्यायला टपलेला फिलिप तिच्यावर भाळतो, इतका की पंचविसाव्या वाढदिवशी, इस्टेट कायद्याने हाती येताच, तो ती तिच्या नावे करून टाकतो. ती विष घालते की औषधी काढा देते? बागेतल्या झाडाच्या विषारी बिया तिच्याकडे कशासाठी? लेखिका अखेरपर्यंत सांगत नाही. मी ही कादंबरी तीनदा वाचली. पहिल्या वाचनात रेचल अपराधी वाटली, दुसऱ्यात निरपराध, आणि तिसऱ्या वेळी मी तिचा विचार सोडून फिलिपवरच नजर ठेवली. तेव्हा दिसले की रेचलला स्वतःचे म्हणून काहीच नाही; नवऱ्याने मृत्युपत्रावर सही केलेली नाही, घर दिराचे, आणि तिचे तिथले राहणे या पोराच्या मर्जीवर. पुरुषाच्या मर्जीवर राहणारी बाई प्रेमळ असली तरी कावेबाज दिसते, कारण तिला प्रत्येक गोष्ट गोड बोलून मिळवावी लागते. या एका निरीक्षणासाठी ही कादंबरी वाचावी. मराठीत विधवांच्या वाट्याला आलेल्या वाड्यांच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. त्या वाचून तयार झालेल्या वाचकाला रेचल अजिबात परकी वाटणार नाही.

'द बर्ड्स' ही कादंबरी नव्हे, 1952 च्या एका संग्रहातली दीर्घकथा आहे. परंतु तिला वगळून द्यू मॉरिएविषयी लिहिता येत नाही. हिचकॉकने ती कॅलिफोर्नियात नेली आणि तिच्यात सुंदर नायिका घातली, जे लेखिकेला रुचले नाही, आणि मलाही. मूळ कथेत नॅट हॉकन हा युद्धात अपंग झालेला शेतमजूर आहे. थोडे निवृत्तिवेतन, आठवड्यातून तीन दिवस शेतावर काम. पूर्वेचा वारा सुटतो आणि पाखरे माणसांवर चालून येऊ लागतात. शेताचा धनी बंदूक घेऊन हसत हसत शिकारीच्या गोष्टी करतो, आणि मरतो. नॅट खिडक्यांना फळ्या ठोकतो आणि भरती-ओहोटीचा हिशेब धरतो : भरती चढली की पाखरे येणार, ओहोटीला उसंत. ही कथा मी एकदा माझ्या एका मासेविक्रेत्या शेजारणीला सांगितली. तिला पाखरांचे नवल वाटले नाही. भरतीचा हिशेब मात्र तिला एकदम पटला, आणि पाणी किती वाजता चढत होते हे तिने मला दोनदा विचारले. कथेत बीबीसीची बातमी येते, मग येईनाशी होते. सरकार, विमाने, धनी सगळे गप्प झाल्यावर एक मजूर आपल्या झोपडीवजा घरात शेवटची सिगारेट ओढत बसलेला आहे, आणि फळी टोचली जात असल्याचा आवाज येतो आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांची आठवण यात उघड आहे, आणि कथेतही ती बोलून दाखवलेली आहे.

'द हाउस ऑन द स्ट्रँड' (1969) मेनाबिली सुटली त्याच वर्षी आली. तेव्हा लेखिका जवळच्याच किलमार्थ या घरात राहायला गेली, तेही रॅशली घराण्याचेच, आणि कादंबरीही त्याच घरात घडते. मित्राच्या घरी सुटीसाठी आलेला डिक त्या मित्राने शोधलेले एक द्रव्य पितो आणि चौदाव्या शतकातल्या त्याच परिसरात वावरू लागतो. मन तिकडे, शरीर इकडे : तो त्या काळच्या रानातून चालतो तेव्हा त्याचे शरीर आजच्या रस्त्यांवरून, कुंपणांवरून, रेल्वेरुळांवरून चालत असते. तिकडच्या माणसांना तो पाहू शकतो, स्पर्श करू शकत नाही. ही कल्पना अफाट आहे, पण मधला भाग सरंजामी नात्यागोत्यांत इतका गुंततो की मला कागदावर वंशावळ काढून बसावे लागले. चिकाटी असेल त्यानेच वाचावी.

'द स्केपगोट' (1957) मध्ये एक इंग्रज प्राध्यापक आपल्यासारख्याच दिसणाऱ्या फ्रेंच सरदाराच्या घरात त्याचा तोतया म्हणून राहतो. परक्या घरात राहण्याची भीती इतक्या थेटपणे तिने दुसरीकडे मांडलेली नाही. सुरुवात मात्र वाचकाला बरेच काही गिळायला लावते. 'जमेका इन' (1936) तरुणपणीची आहे आणि तसे दिसते. माळरानावरचे ते मद्यघर, जहाजे खडकांवर ओढून लुटणारी टोळी, मावशीच्या आश्रयाला आलेली पोरकी मेरी, हे सगळे झकास. खलनायकाचा उलगडा मला ओढूनताणून आणलेला वाटला. 'डोन्ट लुक नाउ' ही व्हेनिसमध्ये घडणारी दीर्घकथा माझ्या घराच्या सिद्धान्तात बसत नाही, आणि तरीही मी ती रात्री एकटी असताना वाचणार नाही. सिद्धान्त तेवढ्यापुरता बाजूला ठेवते.

तिचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. नोकरचाकर तिच्या पुस्तकांत एक तर भाबडे असतात किंवा भयप्रद. गरिबांच्या बोलण्याची ती हलकीशी थट्टा करते. वाड्यांवर तिचा जीव आहे, पण ते वाडे कोणाच्या घामावर उभे राहिले याची विचारपूस ती क्वचितच करते. भाटकाराच्या ओसरीवरून दिसते तेवढेच जग ती पाहते. तरी लेखकाला जे दिसत नाही तेही कधी कधी त्याच्या पानांवर उमटून जाते, आणि याचा प्रत्यय मला माझ्या आईने दिला.

आई इंग्रजी वाचत नव्हती. एका पावसाळ्यात, आठवडाभर वीज येऊनजाऊन होती तेव्हा, मी तिला 'रिबेका' रोज संध्याकाळी थोडी थोडी कोंकणीत सांगितली. ती भात निवडत ऐकायची. मूर्तीच्या प्रसंगाला ती हसली नाही की काही बोलली नाही. हात मात्र थांबले. नायिकेविषयी तिला फारसे प्रेम वाटले नाही, नवरा तर तिला अजिबात आवडला नाही. शेवटी मँडरलीला आग लागते, आभाळ लाल होते, समुद्रावरचा वारा राख उडवीत आणतो, हे मी शक्य तितक्या रंगवून सांगितले आणि गोष्ट संपवली. आईने सूप खाली ठेवले.

"आनी ती खंय गेली?"

कोण, असे मी विचारले. ती काळ्या कपड्यांतली, चाव्या वागवणारी. मी म्हटले, पुस्तकात एवढेच आहे की तिने सामान बांधले आणि ती निघून गेली. आग तिनेच लावली असे मानतात. आईने थोडा वेळ विचार केला. मग तिने विचारले की इतकी वर्षे ते घर सांभाळले त्या बाईच्या नावावर तिथे एखादी खोली तरी होती का. मी म्हटले, नव्हती. आईने सूप पुन्हा मांडीवर घेतले आणि म्हणाली, मग सामान तरी कितीसे असणार तिचे.